धुक्याने पाडलेला भांग

एरवी एखाद्याला कोरडं म्हणणं म्हणजे त्याला नावं ठेवणं. कोरडा माणूस, कोरडं बोलणं, कोरडी सहानुभूती. नदीकडे उतरत गेलेल्या त्या पांढऱ्या मातीच्या टेकडीवर मात्र ह्या शब्दाने माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. तिथे कोरडी म्हणजे वाईन, आणि वाईन म्हणजे पांढरी. आंबताना तिच्यातली साखर सगळीच्या सगळी खाल्ली गेली, गोडीचा कणही मागे उरला नाही, की पिंपाशी उभा असलेला माणूस ओठ पुसून एवढंच म्हणायचा, "कोरडी." कौतुकाचा ह्यापुढचा शब्द तिथे कुणाला ठाऊक नव्हता आणि त्याची कुणाला गरजही वाटत नव्हती. परक्याला ह्यातली गंमत कळत नसे. आत्याची भाची पाच वर्षांची असताना आत्याच्या मांडीवर बसून तिने ग्लास सांडला होता. फ्रॉक चिंब झाला, आणि ही कसली मेली कोरडी, असं म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं होतं.

आत्या खरी त्या एकट्या भाचीची, पण सगळ्या उतारानेच तिला आत्या करून टाकलं होतं. बागायतदारांच्या संघाचा कारकून तिच्याहून वयाने मोठा, तोही आत्याच म्हणायचा. मूळची ती खालच्या काठावरची, नदीला लागून असलेल्या मळ्यातली. तिथे धुकं पहाटे दार न वाजवता घरात शिरतं आणि नऊ-साडेनऊपर्यंत हलायचं नाव घेत नाही. ह्या धुक्यावरच तिथल्या वाईनचं सगळं होतं. धुक्याखाली द्राक्षं उशिरापर्यंत गार राहतात, पिकायची घाई करत नाहीत, आपला आंबटपणा धरून ठेवतात. मग वाईन कोरडी तर होतेच, वर जिभेवरून लख्ख उतरते. म्हणून बाटलीवर 'धुक्यातली' असंच छापलेलं असे. जिथवर धुकं पोचतं तिथवरच्या मळ्यांनीच ते छापावं, असा जुन्या लोकांनी आपसात दिलेला शब्द होता. कागद कुठलाच नव्हता.

आत्याला मागणी आली ती उताराच्या अगदी वरच्या टोकाच्या मळ्यातून. आत्याच्या वडिलांनी मुलाला नीट न्याहाळलं आणि तोंडावर सांगितलं, की मुलगी धुक्याबाहेर द्यायची नाही. मुलगा म्हणाला, आमच्याकडेही येतं की धुकं, पार वरच्या दगडी बाकापर्यंत येतं. फक्त लवकर येतं आणि लवकर जातं. वडिलांनी कुणाला तरी पाठवून खात्री करून घ्यायला हवी होती. पण उजाडायच्या आत टेकडी चढणार कोण. शिवाय मुलगी आधीच त्या मुलाच्या कानांकडे बघत बसली होती. बोलता बोलता ते लालभडक झाले होते. तिला वाटलं, लाजतोय.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी ती जागी झाली तेव्हा तो चहाचा कप घेऊन उशाशी उभा होता. केस ओले, पाण्याचा एक ओघळ कानामागून मानेवर आलेला. "धुकं आलं होतं," तो म्हणाला, "आत्ताच गेलं." तिने अर्धवट झोपेत त्या केसांना हात लावला. ते गार होते, आणि माहेरच्या पहाटेसारखा वास त्यांना येतोय असं तिला वाटलं. नव्या घरातलं तिचं परकेपण त्या एका हाताच्या स्पर्शात निम्मं गेलं.

पुढे एकतीस वर्षं हाच क्रम. तिची सकाळची झोप जड, त्याची हलकी. तो अंधारातच उठून वर जायचा, ओल्या केसांनी खाली यायचा, चहा करायचा आणि धुक्याची बातमी द्यायचा. आज बाकापर्यंत होतं. आज जरा खालीच थांबलं. बातमी कशीही असो, केस मात्र ओलेच, आणि वर चापूनचोपून भांग पाडलेला. ती चिडवायची, की खालचं धुकं आपलं नुसतं भिजवतं, तुमचं धुकं मेलं भांगही पाडतं वाटतं. त्यावर तो चहाचा कप पुढे करायचा. कान तेवढे लाल व्हायचे. मग ती खिडकीतून खाली बघायची. दूर नदीवर धुकं अजून साचलेलं असायचं, आणि आपल्या अंगणातून ते नुकतंच उठून तिकडे गेलं असणार असं समजून ती चहा प्यायची.

चार वर्षांपूर्वी तो गेला. हातात छाटणीची कात्री होती, दुपारची वेळ होती, कुणाला काही त्रास दिला नाही. आत्याने मळा सोडला नाही. त्याने शिकवलं होतं तसंच सगळं ती करत राहिली. खालचे लोक काढणीच्या आधी घडांवरची पानं दोन्ही बाजूंनी काढून टाकतात, नाहीतर ओलीने बुरशी धरते. ह्यांच्याकडे फक्त सकाळच्या बाजूची पानं काढायची, मावळतीकडची एकही नाही. घड तोडायचे ते खालच्यांच्या सहा दिवस आधी आणि तेही ऊन तापायच्या आत. का, असं तिने एकदा विचारलं होतं. आपण उंचावर आहोत ना, असं तो म्हणाला होता. तिला ते पटलं होतं, कारण तिला त्याचं सगळंच पटायचं. फक्त पहाटे वर बाकाशी जायला तिचं मन घेत नसे. ती वेळ त्याची होती. ऊन अंगणात उतरल्यावरच ती ओळींमध्ये शिरायची.

दोन वर्षांपूर्वी भाची येऊन राहिली. शहरातल्या प्रयोगशाळेत नळ्या धुवून धुवून कंटाळली होती. तळघरात तिचा जीव रमला. पिंपाला कान लावून आतली कुजबुज ऐकायची, ती थांबली, म्हणजे साखर संपली, की हात वर करायची. ह्या पोरीच्या हाती मळा द्यायचा आणि आपण निवांत उन्हात बसायचं, एवढंच आत्याचं आता मागणं होतं. भाचीचीही तयारी होती, पण तिची एक अट होती आणि ती तिने लपवून ठेवली नाही. बाटलीवर 'धुक्यातली' आहे तोवर मी आहे. ते गेलं तर आपली द्राक्षं दुसऱ्याच्या टाकीत जाणार, कुणाच्या तरी बिननावाच्या पांढऱ्यात मिसळणार. दुसऱ्याची टाकी भरायला मी इथे कशाला राहू, मी परत नळ्या धुते. आत्यालाही ते तसंच वाटत होतं.

आणि ह्या वर्षी हद्दीचं खूळ निघालं. दूरदेशीच्या व्यापाऱ्यांनी संघाला विचारलं, तुम्ही नाव लावता तर ते धुकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दाखवा. संघाकडे दाखवायला काय होतं, तर पहाटे येणारं आणि दुपारी नसणारं धुकं. खालच्या मळ्यांचा प्रश्नच नव्हता. वरच्या कडेचे नऊ मळे तेवढे शंकेचे, आणि त्यांतला सर्वांत उंच आत्याचा. काढणीच्या तोंडावर संघाने बाहेरून एक मोजणीदार आणला.

हा मोजणीदार उंच, हडकुळा आणि गंभीर होता. कानावर पेन्सिल, खांद्याला पिशवी. वाईनला शिवायचा नाही. पित्त होतं म्हणे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली त्याने घेतली होती आणि पहिल्याच दिवशी दुकानदाराला सांगून ठेवलं होतं, की पहाटे दार उघडताना आवाज होईल, राग मानू नका. त्याची मोजायची पद्धत ऐकून लोक आधी हसले. संध्याकाळी प्रत्येक मळ्याच्या सर्वांत वरच्या खांबाला तो मलमलीची एक चिंधी बांधायचा. सूर्य उगवायच्या वेळी ती सोडायची, टीपकागदाच्या दोन तावांमध्ये दाबायची आणि कागदाकडे बघायचं. डाग उमटला तर धुकं आलं, नाही उमटला तर नाही आलं. वहीत मळ्याचा नंबर, पुढे एक शब्द. दहा सकाळी दहा शब्द. त्यांतले निदान तीन ओले हवेत, असं संघाने ठरवलं होतं.

आत्या निर्धास्त होती. तिने भाचीला सांगितलंसुद्धा, की तीन कसले, दहाच्या दहा येतील. तुझे काका रोज भिजून यायचे.

पहिल्या सकाळी आत्या ऊन आल्यावर वर गेली तेव्हा मोजणीदार बाकावर बसून बुटाची माती खरवडत होता. तिने विचारलं, काय निघालं. तो म्हणाला, कोरडी. ह्या शब्दाने तिचा चेहरा सवयीने फुललाच, आणि मग लक्षात आलं की हा चिंधीबद्दल बोलतोय. ती हसली. म्हणाली, पहिला दिवस आहे, उद्या बघा.

दुसऱ्या दिवशी कोरडी. तिसऱ्या दिवशीही कोरडी. खालच्या आठ मळ्यांत कुठे ओली, कुठे दमट, कुठे अर्धी भिजलेली, असं काही ना काही निघत होतं. चौथ्या दिवशी आत्याने चिंधी बांधायचा खांब बदलून बघा म्हटलं. त्याने बदलला. पाचव्या दिवशी म्हटलं, चिंधी जरा सैल बांधा. त्याने सैल बांधली. सहाव्या दिवशी तिने काही म्हटलं नाही. उतारावरचे लोकही आता तिच्याशी बोलताना हवापाण्याचा विषय टाळू लागले होते.

सातव्या सकाळी मोजणीदार मळ्यातून खाली उतरताना एका ओळीशी थांबला. आत्या तिथे पानं काढत होती. त्याने बराच वेळ बघितलं आणि मग विचारलं, की खाली सगळे दोन्हीकडची पानं काढतात, तुम्ही ह्या बाजूची का ठेवता. ती म्हणाली, असंच, ह्यांनी शिकवलंय. तो म्हणाला, बरोबर आहे, इथे दुपारचं ऊन सरळ येतं. धुकं नसलेल्या जागी असंच करावं लागतं. तो सहज बोलून गेला. मोजणाऱ्या माणसाचं बोलणं ते, त्यात वाईट हेतू कुठला असणार. आत्याच्या हातातलं पान मात्र हातातच राहिलं.

त्या दिवसापासून तिला झोप लागेनाशी झाली. नाव जाईल, भाची जाईल, हे दुःख होतंच. पण आता त्याच्या तळाशी आणखी एक दुःख येऊन बसलं होतं आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. धुकं येत नाही म्हणावं, तर ते केस ओले कसे व्हायचे? केस ओले होत होते, हे तर खरं. तिने स्वतः हात लावला होता. एकतीस वर्षं रोज. मग चार वर्षांत धुकं आटलं का? तो गेला म्हणून ते यायचं थांबलं का? असले वेडे विचार ती करायची आणि त्यातच तिला थोडा डोळा लागायचा. मग स्वप्नात ती माहेरच्या अंगणात उभी असायची. सगळीकडे पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून कुणीतरी कप-बशीचा आवाज करत तिच्याकडे चालत यायचं, पण पोचायचं नाही.

नवव्या दिवशीही कोरडीच निघाली. आता दहावी ओली निघाली असती तरी हिशेब तिनापर्यंत जात नव्हता. पण मोजणीदार म्हणाला होता, की एक जरी ओली मिळाली तर मी शेरा मारीन, पुढच्या वर्षी फेरमोजणी घ्यायला लावीन. भाचीने जेवताना ताटाकडे बघत म्हटलं, आत्या, फवारणीचा पंप रिकामाच पडलाय. नुसत्या पाण्याचा एक फवारा, कुणाला कळणार आहे. आत्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण विचार तिच्या डोक्यात पडला तो पडलाच.

दहाव्या दिवशी अजून फटफटायचं होतं तेव्हा आत्या उठली. पंप घेतला नाही. तेवढं तिच्याने होईना. पत्र्याचा एक मग घेतला आणि वर निघाली. त्या वेळी मळ्यात जायची ही तिची पहिलीच खेप. ओळींमध्ये काळोख होता, पांढरी माती तेवढी पायांखाली अंधूक दिसत होती. खाली नदीवर धुकं भरलं होतं. ते हळूहळू वर चढत होतं, आठ मळ्यांपर्यंत आलं, कुंपणाशी आलं. आत्या श्वास रोखून उभी राहिली. ये, असं तिने त्याला मनात म्हटलं. लहानपणी घरात शिरायचंस, आता चार पावलं ये. धुकं कुंपणाशी थोडा वेळ रेंगाळलं आणि तिथूनच मागे फिरलं. वर आकाश स्वच्छ होतं. हवा कोरडी, पानं कोरडी, तिचे स्वतःचे केस कोरडे.

बाकामागे पाण्याची टाकी होती आणि टाकीला नळ. हातातला मग भरायला ती वाकली. नळाच्या मागे भिंतीतला एक दगड निखळून खोबण झाली होती. तिचा हात आधारासाठी तिथे गेला आणि बोटांना काहीतरी लागलं. तिने ते बाहेर काढलं. कंगवा होता. तपकिरी, खिशात मावेल एवढा, एका कडेचे दोन दात तुटलेले. घरातला हा कंगवा हरवला म्हणून तिने किती वर्षांपूर्वी तरी सगळी कपाटं उपसली होती.

आत्या बाकावर बसली. सगळं एकदम कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता. रोज पहाटे अंधारात इथवर चढायचं. नळाखाली डोकं धरायचं, थंडीच्या दिवसांतसुद्धा. केस विंचरायचे, कारण निथळत घरात गेलो तर धुकं म्हणून खपणार नाही. कंगवा खोबणीत ठेवायचा आणि खाली जाऊन चहा करायचा. एकदा तिच्या वडिलांसमोर तोंडातून निघून गेलेली थाप, ती निस्तरायला ह्या माणसाने एकतीस वर्षं घातली होती. ते कान लाजून नव्हते लाल होत.

तिला आधी राग आला, आणि चांगलाच आला. बाकावरच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत तिने त्याची खरडपट्टी काढली. मला काय धुक्याशी लग्न करायचं होतं का, असं विचारलं. एकदा सांगून टाकलं असतं तर मी काय माहेरी निघून जाणार होते. सर्दी किती व्हायची तुम्हाला, आणि मी काढे करत बसायचे. तिने समोरची ओळ पाहिली. मावळतीकडची पानं जशीच्या तशी होती, त्यांच्यामागे घड गारव्याला बसले होते. धुकं कधीच आलं नव्हतं. आणि तरी त्या पिंपातली वाईन दरवर्षी कोरडी उतरली होती, खालच्यांच्या तोडीस तोड, कधी त्यांच्याहून सरस. मग ती केली कुणी? एकेक पान बघून ठेवणाऱ्या चार हातांनी. हे तिला आज, साठीला टेकताना समजलं, आणि ते सांगायला ज्याला हाक मारायची तो माणूस नव्हता. तिला रडू आवरेना. पदर शोधण्याइतकंही भान नव्हतं. खांबावर लोंबणारं जे फडकं हाताला लागलं त्याने तिने डोळे पुसले, नाक पुसलं, पुन्हा डोळे पुसले.

मोजणीदार आला तेव्हा उजाडलं होतं. आत्या बाकावर शांत बसली होती, भरायचा राहिलेला मग पायाशी होता. त्याने नेहमीप्रमाणे चिंधी सोडली, टीपकागदात दाबली, ताव उघडला. तो चकित झाला. त्याच्या त्या लांबट चेहऱ्यावर हसू उमटलं. आत्याने त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. डाग चांगला रुपयाएवढा होता. त्याने घाईघाईने कानावरची पेन्सिल काढली आणि वहीत लिहायला घेतलं.

"थांबा," आत्या म्हणाली. "ते धुकं नाही. मी डोळे पुसले त्याला."

त्याची पेन्सिल जागच्या जागी थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, पायाशी असलेल्या मगाकडे पाहिलं, हातातल्या कंगव्याकडे पाहिलं. त्याला काय समजलं कोण जाणे. त्याने विचारलं, "मग मी काय लिहू?"

"कोरडी लिहा."

त्याने काहीतरी खोडलं आणि लिहिलं. वही मिटून तो म्हणाला, की तुमच्यासारखा मळा माझ्या मोजणीत पुन्हा येणार नाही. त्याच आठवड्यात तो दुसऱ्या कुठल्या तरी मुलखात, कुठल्या तरी दुसऱ्या हद्दीच्या कामावर निघून गेला.

काढणी झाली. रस पिंपांत गेला, पिंपं कुजबुजायला लागली. भाची तिच्या खोलीतल्या वस्तू एकेक करून पेटीत ठेवत होती आणि आत्या ते न बघितल्यासारखं करत होती. आणि एका दुपारी संघाचं पत्र आलं. भाचीने ते मोठ्याने वाचलं. आपल्या मळ्याच्या दहाही नोंदी 'कोरडी' अशा आहेत. इतकी एकमुखी शिफारस अन्य कोणत्याही मळ्याबाबत आलेली नाही. सबब आपला मळा हद्दीत घेण्यात येत असून नाव वापरण्यास कायमची मान्यता देण्यात येत आहे.

भाचीने पत्र हवेत उडवलं, आत्याला मिठी मारली आणि वर जाऊन पेटी उलटी केली. आत्या मात्र खाली खुर्चीतच बसून राहिली. काय घोटाळा झालाय ते तिच्या लगेच ध्यानात आलं. त्या टेकडीवर कोरडी म्हटलं की लोकांना दुसरं काही सुचायचंच नाही. परका मोजणीदार बिचारा चिंधीबद्दल लिहून गेला, आणि आपल्यांनी ते वाईनबद्दल वाचलं.

रात्रभर विचार करून सकाळी ती संघाच्या कचेरीत गेली. कारकुनाने खुर्ची दिली, अभिनंदन केलं. आत्या म्हणाली, चूक झालीय. तिने नीट समजावून सांगितलं, की कोरडी होती ती चिंधी. कारकुनाने चष्मा कपाळावर नेला. चिंधी कोरडी असो नाहीतर ओली, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं तो म्हणाला. आपल्याला वाईन कोरडी हवी. आणि बाकीच्यांच्या पुढे त्याने ओली, दमट असलं लिहिलंय, म्हणजे धुक्याचं लिहिलंय. तुमच्याकडे मात्र त्याने थेट वाईनचा शेरा मारला. मारणारच. दहा दिवस सकाळी सकाळी तुमच्या मळ्यात होता माणूस.

"तो पीत नव्हता हो," आत्या म्हणाली.

कारकुनाला हे पटण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, आत्या, तुमची वाईन कोरडी आहे की नाही? आत्या म्हणाली, आहे. मग धुक्याशिवाय कुणाची झालीय का आजवर कोरडी? ह्याचं खरं उत्तर जगात एकट्या तिला माहीत होतं. कारकुनाने कपाटातून मोजणीदाराची वही काढून तिच्यासमोर ठेवली. तिच्या मळ्याच्या ओळीत दहा वेळा तो शब्द, सारख्या नेटक्या अक्षरात. दहाव्या जागी आधी 'ओ' असं लिहून खोडलेलं, आणि पुढे कोरडी.

"हे बघा," कारकून खोडलेल्या जागी बोट ठेवून म्हणाला, "आधी दुसरंच काहीतरी लिहीत होता. मग विचार बदलून कोरडी लिहिलंय. एवढ्या विचाराने लिहिलेलं खोटं असेल का?"

आत्याने त्या 'ओ'वर बोट फिरवलं. मग तिने हात टेकले, पत्राची घडी करून पिशवीत ठेवली आणि टेकडी चढून घरी आली. वाटेत तिला दोनदा हसू आलं.

दुसऱ्या दिवशी भाचीला जाग आली ती कप-बशीच्या आवाजाने. खिडकीत नुकतं उजाडत होतं. आत्या चहा घेऊन उशाशी उभी होती. अंगावर स्वेटर, पायांना पांढरी माती, आणि पिकलेले केस ओलेचिंब, मधोमध चापूनचोपून भांग पाडलेले. एक थेंब कानामागून मानेवर उतरत होता.

"धुकं आलं होतं," आत्या म्हणाली. "पार बाकापर्यंत. आत्ताच गेलं."

भाची कोपरावर रेलून उठली. तिने हात लांब करून त्या गार केसांना लावला आणि जरा वेळ तसाच ठेवला. आत्याचे कान लाल झाले होते.

"भांग छान पाडलाय त्याने," भाची म्हणाली, आणि तिने कप हातात घेतला.